पेटीवरचे नाव

"हजारो मजूर रस्त्यावर उतरले" हे वाक्य मी अकरावीत असताना लिहिले आणि ते मला इतके आवडले की स्टेन्सिल कापून होईपर्यंत चार वेळा मोठ्याने वाचले. बाबा जंगलातल्या रोजंदारी मजुरांची संघटना चालवायचे. पिपरी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे कार्यालय. तिथे एक टाइपरायटर, एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि शाईने काळा झालेला पाट. मी त्या खोलीत वाढले. माझ्या मैत्रिणी गोष्टीची पुस्तके वाचत तेव्हा मी मागण्या वाचत होते.

त्या दिवशी हिंगणीहून, सेलूला बस बदलून, तुळशीराम मडावी आले होते. पत्रक हातात घेऊन ते दारातच उभे राहिले. ते कधी बसून वाचत नसत. एका हाताने चौकट धरायची, दुसऱ्या हातात कागद, आणि ओठ न हलवता एकेक ओळ संपवायची. पहिल्याच ओळीवर थांबले.

"ताई, हे हजारो कोनं पाह्यले?"

मी म्हटले, पत्रकात असेच लिहितात.

"एकशे बारा होते जी. मी मोजले. दोन बाया मंग आल्या. तं एकशे चौदा लिव."

मी चांगलीच तापले. पत्रक म्हणजे जनगणना नव्हे, लोकांच्या मनात आग पेटवायची असते, असे काहीतरी बोलले. ते सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, वाचनारा त्या दिवशी तिथंच उभा असन तं? मग तो बाकीचंबी खोटंच समजन. बाबा आतून हसले. मी लाल द्रव लावून स्टेन्सिलवरचा शब्द बुजवला, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसले, आणि वर टाइप केले: एकशे चौदा.

पुढे दहा-बारा वर्षे माझे प्रत्येक पत्रक या माणसाच्या डोळ्यांखालून गेले. मला लिहायला बाबांनी शिकवले असे लोक समजतात. बाबांनी संतापायला शिकवले. खोडायला तुळशीरामभाऊंनी.

ते दहावी पास होते. त्यांच्या टोल्यात, म्हणजे हिंगणीच्या कडेला असलेल्या बारा-पंधरा घरांच्या गोंड वस्तीत, तेव्हा दुसरे कोणी नव्हते. आश्रमशाळेत वळण लागलेले गोल अक्षर, अंगात खाकी सदरा, आणि काम जाळरेषा झाडायचे. उन्हाळ्यात वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात रुंद पट्टे काढतात, त्यांवरचा पाला झाडून पट्टे साफ ठेवायचे. दहावी पास माणूस वर्षानुवर्षे पाला झाडतो, यावर मी एक जळजळीत परिच्छेद लिहिला होता. तो त्यांनी खोडला नाही, पण समासात लिहिले: पाला झाडणे वाईट काम नाही, कायम न करणे वाईट.

कायम होणे हा शब्द त्या काळी जंगलातल्या प्रत्येक घरात होता. इतकी वर्षे रोजंदारी केली असेल तर यादीत नाव, आणि यादी मंजूर झाली की नोकरी कायम. तुळशीरामभाऊंचे नाव यादीत वर होते. लग्न ठरवताना मध्यस्थाने मुलीच्या बापाला सांगून टाकले की मुलगा जंगलखात्यात कायम आहे. तुळशीरामभाऊ पाणी पिता पिता म्हणाले, "कायम नाई जी. यादीत आहे." मुलीचा बाप चहा अर्धा टाकून उठला. पुढच्या वर्षी तोच माणूस परत आला. मधल्या काळात त्याने 'कायम' असलेली तीन स्थळे पाहिली होती, आणि तिन्ही यादीतलीच निघाली. कमलावहिनी ही गोष्ट स्वतः सांगायच्या आणि नवऱ्याकडे बघत म्हणायच्या, "माह्या बापाले वाटलं, हा एवढ्यावर खरं बोलते तं भांडनातबी खरंच बोलन. तेच झालं. कधी माघार नाई."

एकदा वाघांची मोजदाद होती. तेव्हा ओल्या मातीतल्या पावलांचे प्लास्टरचे ठसे घेत. कोण्या एका साहेबाने नाल्याच्या या काठाचा एक आणि त्या काठाचा एक असे दोन ठसे घेतले आणि दोन वाघ लिहिले. तुळशीरामभाऊ शेजारी घमेले धरून उभे होते. म्हणाले, "साहेब, हा तोच आहे. त्याचं मधलं बोट वाकडं आहे, दोन्हीकडं पाहा." साहेबाने पाहिले. बोट दोन्हीकडे वाकडे होते. पुढचे दोन महिने तुळशीरामभाऊंना सगळ्यात लांबच्या जाळरेषेवर पाठवण्यात आले. मी म्हटले, यावर पत्रक काढू. ते म्हणाले, कायले? वाघ एकच तं आहे.

असा माणूस. आता त्यांनी केलेल्या एका खोट्याची गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला त्यांनी मला परवानगी दिली होती. अटही घातली होती की पूर्ण सांग, अर्धी नको.

माधव त्यांचा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, माय मोलमजुरीला, म्हणून माधव मोठ्या भावाच्याच अंगाखांद्यावर वाढला. हसरा पोरगा. आमच्या कार्यालयात आला की टाइपरायटरवर एका बोटाने स्वतःचे नाव काढायचा आणि तो कागद घडी करून खिशात ठेवायचा. दहावीच्या इंग्रजीत तीनदा नापास झाला. मग नागपूरला बांधकामावर गेला, आणि तिथे त्याला कोणीतरी आखाताची वाट दाखवली. आमच्याकडे त्या सगळ्या देशांना मिळून दुबईच म्हणतात. दहावी पास असेल तर परदेशी कामाला जाताना सरकारी परवानगीच्या फेऱ्यातून सूट होती, पासपोर्टवर तसा शिक्का बसे. नापास असेल तर दलालाच्या दारात वर्ष-वर्ष. माधव एका दुपारी भावापुढे येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, तुह्या सर्टिफिकेटचा तुले काय उपयोग? तू तं पालाच झाडतो."

तुळशीरामभाऊ मला पुढे सांगत होते, तो बोलला ते खरंच होतं ना ताई. त्याच्यात खोडन्यासारखं काई नवतं.

त्यांनी पेटीतून दाखला काढून दिला. पासपोर्टवर फोटो माधवचा आणि नाव तुळशीराम मडावी. ही गोष्ट दोघा भावांशिवाय कोणालाच माहीत नव्हती. मायलाही नाही.

माधव गेला त्याला दोन वर्षे होत आली होती. नव्वदचे दशक संपत आले होते आणि टोल्याला एकच फोन पुरत होता, हिंगणीतल्या किराणा दुकानातला. त्या दिवशी जे झाले ते मला दुकानदार शेठनीच सांगितले. तुळशीरामभाऊ गूळ घेत होते. फोन वाजला. पलीकडून हिंदीत कोणीतरी बोलले. शेठनी फोनवर हात ठेवला आणि हसत म्हणाले, "अरे तुळशीराम, कोनी मजाक करून राह्यला बे. म्हनते तुळशीराम मडावी मरून गेला. तू तं इथं गूळ घेऊन राह्यला."

दुकानातली दोन-तीन माणसे हसली. तुळशीरामभाऊंनी हातातला गुळाचा खडा कागदावर ठेवला आणि विचारले, "कसा मेला म्हनते?"

शेठ म्हणत होते, त्याचं तोंड पाह्यलं आन् माह्या हातातला फोन जड झाला.

इमारतीच्या परांचीवरून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामभाऊ आमच्या दारात होते. चौकट धरून उभे राहिले आणि उभ्याउभ्याच सगळे सांगितले, दाखला दिल्यापासून. बाबांचा चेहरा उतरला. ओळखीच्या वकिलाकडे दोन फेऱ्या झाल्या. संध्याकाळपर्यंत चित्र स्पष्ट झाले, आणि ते बाबांनी त्यांच्यापुढे जसेच्या तसे मांडले. खरे सांगितले तर तिकडे खोट्या पासपोर्टचे प्रकरण उभे राहील. देह शवागारात पडून राहील, किती दिवस ते कोणी सांगू शकत नाही, कदाचित तिकडेच पुरतील. गप्प राहिलो तर तुळशीराम मडावीचा देह कंपनी पाठवेल. पण मग मेला तो तुळशीराम मडावी. मृत्यूचा दाखला त्याच नावाने निघेल, गावच्या नोंदीत चढेल, आणि कायम होणाऱ्यांची यादी दोन महिन्यांवर आली होती.

"तुळशीराम, चौदा वर्षं आहेत ही तुझी," बाबा म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडले होते. दूतावास, मंत्रालय, उपोषण, सगळे माझ्या जिभेवर होते. तुळशीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाले, "माय कालपासून विचारून राह्यली, किती दिवसांत येते. मी म्हनलं, विचारून सांगतो. तं किती दिवसांत येते?"

एवढाच त्यांचा निर्णय.

कागदांवर मायचा अंगठा लागणार होता. आम्ही टोल्यात गेलो. माय ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, चार बाया भोवती. अंगठा घेण्याआधी कागद वाचून दाखवायचा, हा आमच्या संघटनेचा नियम होता आणि तो तुळशीरामभाऊंनीच आग्रहाने घालून दिलेला होता. ते मायपुढे उकिडवे बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. मी मागे उभी राहून कागद पाहत होते. त्यावर लिहिले होते, माझा मुलगा तुळशीराम. त्यांनी वाचले, माझा मुलगा माधव. चार ठिकाणी नाव होते, चारही ठिकाणी त्यांनी माधव वाचले. एकदाही अडखळले नाहीत. मायने अंगठा दिला.

देह यायला एकोणीस दिवस लागले. आधी मुंबईला, तिथून विमानाने नागपूरला. बाबांना ताप होता, म्हणून मी गेले. मेटॅडोरमध्ये पुढे चालक आणि माय, मागे आम्ही दोघे. तुळशीरामभाऊ वाटेत एकच वाक्य बोलले. पेटीचे माप त्यांनी कोणाला तरी विचारून घेतले होते, गाडीत ती बसेल की नाही याची त्यांना चिंता होती.

विमानतळावर माल सोडवण्याची खिडकी वेगळी असते. तिथे कापडाचे गठ्ठे, यंत्रांचे सुटे भाग आणि माणसे एकाच वहीत उतरवतात. या देशात गरीब माणूस विमानातून येतो तेव्हा असाच येतो, हे मी नंतर अनेकदा लिहिले. त्या दिवशी काही सुचले नाही. माय बाहेर गाडीतच बसली होती. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले, आईच्या अंगठ्याचा कागद वर ठेवला आणि तुळशीरामभाऊंकडे पेन रोखून विचारले, हे मयताचे कोण?

त्यांनी तोंड उघडले. पाच-सहा वर्षे पाहिलेला तो चेहरा मला पाठ होता. काहीतरी दुरुस्त करायचे असले की तो तसाच व्हायचा. आता हा माणूस आपले नाव सांगणार, आणि बाहेर माय बसली आहे, एवढेच मला कळले.

"हे माधव मडावी," मी म्हणाले. "मयताचे धाकटे भाऊ."

आयुष्यात सरकारी कागदापुढे मी बोललेले ते पहिले खोटे. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी वाट पाहत होते. त्यांनी खोडले नाही. कारकुनाने वही पुढे सरकवली, त्यांनी पेन घेतले आणि आश्रमशाळेतल्या त्या गोल अक्षरात सही केली, माधव मडावी.

पेटी प्लायवुडची होती, कडांना पत्रा. झाकणावर काळ्या रंगाने इंग्रजीत नाव. चौघांनी ती गाडीत सरकवली तेव्हा चालक ते एकेक अक्षर लावत वाचू लागला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हते, कुठलीही पाटी दिसली की तो वाचायचा. "तुळशीराम मडावी," त्याने मोठ्याने वाचले.

पुढच्या सीटवरून माय वळली. "तुह्यं नाव कायले लिहलं?"

"चुकून लिहलं, माय," ते म्हणाले.

टोल्यात माणसे जमली होती. हिंगणीतून शेठ आले होते, दुकान बंद करून. गोंडांत मातीआधी देहाला हळद आणि तेल लावतात, आणि ते पहिले आईने लावायचे असते. म्हाताऱ्या बाया वाटी घेऊन बसल्या होत्या. सुताराने खिळे काढले. चादरीचा आडोसा धरून आत फक्त तुळशीरामभाऊ आणि टोल्यातला एक जाणता म्हातारा गेले. थोड्या वेळाने बाहेर आले. तुळशीरामभाऊ सगळ्यांकडे बघत म्हणाले, माधवच आहे, मी पाह्यला. मग मायजवळ जाऊन तिचे दोन्ही हात धरले.

"माय, तू नको पाहू."

ती उठू लागली, त्यांनी तिला उठू दिले नाही. त्यांच्या आपसातल्या गोंडी बोलीत ती काहीतरी म्हणत होती, पुन्हा पुन्हा तेच. त्यांनी मान हलवली, नाही. हळद-तेल पेटीच्या झाकणावर लावले गेले, ज्या लाकडावर ते नाव होते त्याच लाकडावर. मग सगळ्यांनी मूठ-मूठ माती दिली.

पुढे एकदा ते मला म्हणाले की या साऱ्या प्रकरणात त्यांच्या दोन चुका झाल्या. दाखला देल्ला ती पहिली, पन ती मोठी नाई. मायले पाहू देल्लं नाई ती मोठी.

तेरवी आटोपल्यावर त्यांनी अर्ज लिहिला. मला दाखवायला आणला, दुरुस्तीसाठी नव्हे, तारीख टाइप करून हवी होती म्हणून. चार ओळी होत्या. मी तुळशीराम जिवंत आहे. मेला तो माझा भाऊ माधव. त्याला माझा दाखला मी दिला, विमानतळावर खोटी सही मी केली. जी काय शिक्षा असेल ती मला मंजूर आहे, पण नोंद नीट व्हावी. मी म्हटले, भाऊ, शेवटची ओळ काढा, तुम्हाला आत टाकतील. ते म्हणाले, काढली तं बाकीच्या तीन कोन मानन?

त्यांना कोणी आत टाकले नाही. त्यांचे कोणी काहीच केले नाही. पोलिसांनी तहसिलीकडे बोट दाखवले, तहसिलीने जंगलखात्याकडे, त्यांनी पुन्हा गावाकडे. यादी लागली तेव्हा त्यांच्या नावावर रेघ होती आणि पुढे एकच शब्द, मयत. एका कनवाळू वनरक्षकाने तोड काढली. माधवचे कागद तर जिवंत आहेत, तू माधव होऊन जा, वयही कमी होईल, विमानतळावर सही तशी केलीच आहे. तुळशीरामभाऊंनी त्याला उत्तर दिले ते तो वनरक्षक अजून सांगतो.

"माधव मेला जी. त्याले आता कामाले नाई लावत."

जंगलाचे काम सुटले. ते सेलूकडे केळीच्या बागेत मजुरीला जाऊ लागले. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते आणि पेटले होते. एका बैठकीत पत्रक लिहून काढले. मथळा होता, 'सरकारने जिवंत माणूस मारला'. चौदा वर्षांची रोजंदारी, एक रेघ, एक शब्द. माझ्या मते मी आजवर लिहिलेले ते सर्वांत चांगले पत्रक होते. तुळशीरामभाऊ चौकट धरून उभे राहिले. शेवटपर्यंत वाचले. मग मथळ्यावर बोट ठेवले.

"सरकारनं नाई मारलं, ताई. मले मी मारलं. सरकारनं जिवंत नाई केलं, एवढं लिव."

मी भांडले. म्हटले, तुमच्यावर ही पाळी कोणी आणली? दहावी पास माणसाला पाला कोणी झाडायला लावला? माधवला परदेशात कोणी ढकलले? ते म्हणाले, तेबी खरं आहे, तेबी लिव, पन आम्ही दोघा भावांनी काय केलं ते पहिले लिव. मी तसे लिहायला बसले आणि पत्रकातली सगळी धार गेली असे मला वाटले. ते पत्रक छापले नाही. आज मला त्याची लाज वाटते. धार गेली नव्हती, ती फक्त आमच्याही दिशेला वळली होती.

दरम्यान मायचे काहीतरी होऊ लागले. पहिले वर्षभर ती रडली. मग रडणे थांबले. मग ती माधवबद्दल आताचे बोलल्यासारखे बोलू लागली. कमलावहिनी सांगत, सून म्हणून मी किती समजावू, ते स्वतः समजावतात, पण म्हातारी एकच विचारते. पेटीवर नाव कोणाचे होते? तुळशीरामचे. तुळशीराम कुठे आहे? हा इथे जेवतो आहे. मग पेटीत आपल्या घरचे कोण होते? तिचा हिशेब कोणाला मोडता येत नव्हता, कारण तिने आत काही पाहिलेच नव्हते. तुळशीरामभाऊ दरवेळी सांगत, माय, मी पाह्यला. ती म्हणे, तू तं म्हनला होता नाव चुकून लिहलं. नाव चुकलं तं मानूसबी चुकलं असन.

पाच-सहा वर्षे अशीच गेली. मग सेलूच्या तहसिलीत एक नव्या बाई अधिकारी आल्या. त्यांनी जुन्या फायली काढल्या, चार ओळींचा तो अर्ज वाचला आणि चक्क पत्र पाठवून बोलावले. बाबांना वाटले, आता होईल. त्या बाईंनी मला आधीच सांगितले होते की वाट सोपी आहे. जन्मदात्या आईने शपथेवर सांगायचे, मेला तो माधव, समोर बसला तो तुळशीराम. तेवढ्या एका जबाबावर त्या नोंद दुरुस्तीसाठी पाठवणार होत्या. यादी अजून पुरती बंद झाली नव्हती.

ती सुनावणी झाली त्यानंतर दोन वर्षांनी तुळशीरामभाऊ गेले, बागेतून आल्यावर छातीत दुखून. मी तेव्हा पुण्यात होते आणि मला कळायलाच आठवडा लागला. त्यांच्या मृत्यूचा दाखला काढावा लागला नाही. तो आधीच निघालेला होता. म्हणून माझ्याजवळ त्यांचे शेवटचे दर्शन आहे ते त्या सुनावणीच्या दिवसाचे.

सकाळची वेळ होती. माय धुतलेले लुगडे नेसून आली होती. ते तिला हाताला धरून आत घेऊन आले आणि खुर्चीवर बसवले. तिने खुर्चीवर पाय वर घेतले. बाई अधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढून मऊ आवाजात विचारले, आजी, मुले किती तुम्हाला?

"दोन."

"त्यातला कोणता वारला?"

मायने आधी त्यांच्याकडे, मग मुलाकडे पाहिले. "कोनीच नाई वारलं, बाई."

कारकुनाचे पेन थांबले. बाईंनी पुन्हा समजावले, पेटी आली होती, माती झाली होती. मायने मान डोलावली. आली होती. पन ती आमची नवती. पेटीवर याचं नाव होतं. हा तं इथं बसला. आन् माधव तिकडं कामात आहे. मोठ्या कामात आहे, म्हनून येनं होत नाई.

बाई तुळशीरामभाऊंना म्हणाल्या, तुमच्या बोलीत विचारून पाहा. तिने एकदा हो म्हटले तरी पुरे आहे. मी लिहून घेते. तिने नाही म्हटले तर माझे हात बांधले जातील.

ते मायच्या पायांशी उकिडवे बसले. गोंडीत हळू काहीतरी म्हणाले. माधव हे नाव मला ऐकू आले. मायने त्यांच्या गालावर हात ठेवला आणि उत्तर दिले, आणि उत्तर देताना ती हसली. तिच्या तोंडात पुढचे दोनच दात राहिले होते. कितीतरी वर्षांत मी तिला हसताना पाहिले नव्हते. ते तसेच बसून राहिले. कारकुनाने पेनचे टोक कागदावरून उचलून पुन्हा टेकवले.

मग ते उभे राहिले.

"माय म्हनते ते लिहून घ्या, साहेब."

"मग तुमचा अर्ज?"

"राहू द्या."

मी उठले. म्हणाले, भाऊ, हे खोटे आहे. त्यांना असे म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

"हो ताई," ते म्हणाले. "मालूम आहे मले."

कारकुनाने जबाब लिहिला. त्यांनी तो हातात घेतला आणि मायला वाचून दाखवला. या वेळी कागदावर जे होते तेच वाचले, माझी दोन्ही मुले हयात आहेत. मायने अंगठा दिला. ते तिला धरून पायऱ्या उतरले. मी मागे होते, पण जवळ गेले नाही. रस्त्यापलीकडे हिंगणीची बस लागली होती. त्यांनी तिला खिडकीशी बसवले आणि स्वतः शेजारी बसले. बस सुटेपर्यंत मला ते दोघे दिसत होते. माय काहीतरी सांगत होती, हाताने उंची दाखवत, कोणीतरी केवढा झाला असेल ते. तुळशीरामभाऊ तिच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.